अनुभव: "आपलं राज्य ठरलेलंच आहे, मग मत कशाला?"

केळफूल
धाकटा नुकताच अठराचा झाला. मतदार नोंदणीचा अर्ज पुढ्यात ठेवला तर म्हणतो, "आई, मॅसॅच्युसेट्स कुणाकडे जाणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी रांगेत उभा राहून काय दिवे लावणार?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम आजोबा आठवले. आमच्या मतदारसंघात एकाच घराण्याचं राज्य, मोजणीच्या आदल्या दिवशीच गुलालाची पोती आणून ठेवलेली. आजोबा तरी दर वेळी इस्त्रीचा सदरा घालून लाल बावट्याला मत द्यायला जायचे. आजी खवचटपणे विचारायची, "येतोय का निवडून तुमचा माणूस?" त्यावर ठरलेलं उत्तर, "निवडून आणायला नाही, अनामत वाचवायला चाललोय." वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली की अनामत परत मिळते ना, ते. एका वर्षी खरोखर वाचली, तर घरात पेढे!

मुलाला हे ऐकवलं. "डिपॉझिट किती होतं?" एवढंच विचारून गेला वर.

पण माझा स्वतःचा अनुभव नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीचा नाहीच, वसंतातल्या टाउन इलेक्शनचा आहे. इथे प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची तर गावाचं मत घ्यावं लागतं, १९८० पासूनचा कायदा. आमच्याकडे शाळेसाठी असा ओव्हरराइड आला आणि थोडक्यात पडला. राष्ट्राध्यक्षाच्या वेळी ज्या जिममध्ये रांग पार्किंगपर्यंत जाते, तिथे त्या दिवशी बास्केटबॉलच्या रिंगखाली चार आज्या विणकाम करत बसल्या होत्या. पुढच्या सप्टेंबरात शाळेतली लॅटिन बंद, बँडचे सर अर्धवेळ. तेव्हा ज्या पालकांनी फेसबुकवर छाती पिटली त्यातले निम्मे मतदानाला फिरकलेच नव्हते, हे मी स्वतः यादीत पाहिलंय. (कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, दिलं की नाही ते नव्हे!)

तुमच्याकडे असं काही? लिहा. पक्षांची धुणी मात्र इथे नकोत, प्लीज.

उंटावरचा_शहाणा
पहिला मी. कॅलिफोर्निया. राष्ट्राध्यक्ष निवडणारी ५४ इलेक्टोरल मतं, सगळी राज्यात जिंकणाऱ्याला; १९८८ नंतर राज्य एकदाही रिपब्लिकनांकडे गेलेलं नाही. माझ्या मताने हलत काही नाही. मी त्या दिवशी गाडीचं ऑइल बदलून घेतो. धाग्याला शुभेच्छा.

रानजाई
@उंटावरचा, अहो कॅलिफोर्नियातच तर गंमत आहे. मार्च २०२४, डिस्ट्रिक्ट १६, म्हणजे आपल्या सिलिकॉन व्हॅलीतली काँग्रेसची (इथल्या संसदेची) सीट. प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरआधीच्या प्राथमिक फेरीत, दुसऱ्या नंबरावर दोघे, दोघांनाही ३०,२४९ मतं!! इथे प्रायमरीतले पहिले दोघेच पुढे जातात, पक्ष कुठलाही असो. टाय म्हणून तिघे जायची वेळ आली होती, मग फेरमोजणी झाली आणि पाच मतांनी एक जण बाहेर. पाच. आमच्या गल्लीत त्याहून जास्त देसी आहेत.

आणि ऑइल बदलायला कोण तुम्हाला अडवतंय, मतपत्रिका घरी येते की! आमच्याकडे ती सोबतच्या जाडजूड पुस्तकासकट डायनिंग टेबलावर पडून असते. नवरा एकेक प्रपोझिशन (थेट लोकांच्या मतावर सोडलेला प्रस्ताव) मोठ्याने वाचतो, मी पोळ्या लाटता लाटता "यात पैसा कुणी ओतलाय ते आधी वाच" म्हणते. कुकर झाला, नंतर लिहिते.

कोरडा_विनोद
पोळ्या लाटताना प्रपोझिशन ऐकणारी लोकशाही :)) अथेन्सवाल्यांना सुचलं नसतं.

मोरपंखी
टेक्सस. १९७६ नंतर राष्ट्राध्यक्षासाठी निळं (डेमोक्रॅटिक) झालेलं नाही, त्यामुळे माझी मैत्रीण म्हणायचीच, कशाला जायचं. आम्ही राहतो तिथे शहर नाहीच, मड आहे. चिखल नव्हे, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट :D पाणी, गटारं, पूर आला तर पाणी कुठे वळवायचं, सगळं पाच डायरेक्टर ठरवतात, कर लावतात, कर्जरोखे काढतात. त्या निवडणुकीला किती लोक येतात विचारू नका. आमच्या मुंजीला जास्त होते.

दुसरं म्हणजे प्रायमरी. इथे नोंदणी करताना पक्ष लिहावाच लागत नाही, मार्चमध्ये कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाता येतं. नोव्हेंबर ठरलेला असेल तर खरा सामना मार्चलाच. कुणाला ५० टक्क्यांवर मतं नाहीत तर मे महिन्यात रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा लढत, तेव्हा तर शुकशुकाट. २०२२ ला डिस्ट्रिक्ट २८ चा रनऑफ २८९ मतांनी सुटला.

वैशाखवणवा
@मोरपंखी म्हणजे ज्यांचं पटत नाही त्यांच्या प्रायमरीत घुसून मत द्यायचं? मला हे चोरवाटेने जेवायला गेल्यासारखं वाटतं.

मोरपंखी
@वैशाखवणवा आमदार तोच होणार असेल तर त्यातल्या त्यात बरा निवडू दे की मला. पाणीपट्टी मीही भरते.

सोनचाफा२
मी ग्रीन कार्डवर. फक्त वाचतेय. एक सांगते, डीएमव्हीत लायसन्स नूतनीकरणाला गेले तर स्क्रीनवर "मतदार नोंदणी करायची का" विचारलं. घाईत हो दाबू नका!! नागरिक नसताना मत दिलं तर गुन्हा आहे, नागरिकत्वाच्या अर्जात नोंदणीबद्दलही विचारतात. ओळखीच्या एकांना वकील करावा लागला.

रानजाई
@सोनचाफा२ +१००. महत्त्वाचं लिहिलंस गं.

हापूसप्रेमी
अमेरिकन पासपोर्ट मिळाल्यावर भारतातलं मत जातं ना?

केळफूल
हो, नागरिकत्वच जातं. ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना आहे, पण प्रत्यक्ष तिथे जाऊन.

गवती_चहा
कॅन्ससहून. ऑगस्ट २०२२ कधी विसरणार नाही. राज्य १९६४ नंतर राष्ट्राध्यक्षासाठी लालच (रिपब्लिकन). राज्यघटनेतून गर्भपाताचा हक्क काढायचा प्रश्न मुद्दाम प्रायमरीच्या मतपत्रिकेवर ठेवला होता, कारण ऑगस्टात कोण येतं? आमच्या हॉस्पिटलात दोन्ही बाजूंच्या नर्सेस होत्या, ब्रेकरूममध्ये महिनाभर कुणी विषय काढला नाही. मतदानाच्या दिवशी उकाडा असा की रांगेत अनोळखी बाई माझ्यावर छत्री धरून उभी. तिच्या शर्टावर माझ्या विरुद्ध बाजूचा बिल्ला. मी तिला माझी पाण्याची बाटली दिली. आम्ही दोघी तिच्या नातवाच्या ब्रेसेसबद्दल बोललो! निकाल ५९-४१ लागला, प्रस्ताव पडला. टीव्हीवाले दोन दिवस आ वासून होते. "लाल राज्य" म्हणजे प्रत्येक प्रश्नावर लाल असं नसतं हे आम्हा तिथल्यांना माहीत होतं, पण मोजल्याशिवाय कागदावर येत नाही ना.

(कुणाला काय मत दिलं ते सांगत नाही, केळफूलची अट :))

कोरडा_विनोद
अलाबामा, २०१७, सिनेटची पोटनिवडणूक. लाल राज्यात डेमोक्रॅट जोन्स जिंकला साधारण बावीस हजारांनी. मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने भलतंच नाव लिहिणारे त्याहून थोडे जास्तच निघाले. त्यात फुटबॉल कोचचं नाव लिहिणारेही होते. मी तेव्हा हंट्सविलला होतो, ऑफिसात एक जण आपण कोचला मत दिलं हे अभिमानाने सांगत फिरत होता. निकालानंतर गप्प.

उंटावरचा_शहाणा
ही सगळी उदाहरणं अपवाद आहेत. हजार निवडणुकांतली चार उचलायची आणि म्हणायचं, बघा. आणि राष्ट्राध्यक्षाचं काय? त्यात माझं मत शून्यच, मान्य करा.

दुपारची_झोप
मान्य. त्या एका रकान्यात निकाल बदलणार नाही तुमच्याने. पण मतपत्रिका एका रकान्याची नसते. पहिल्या ओळीवर रुसून खालच्या पंधरा कशाला सोडायच्या? शेरीफ, जज्ज, शाळा. शिवाय २०२४ ला तुमच्याच राज्यात डिस्ट्रिक्ट १३ ची सीट १८७ मतांनी गेली, आणि हाउसमध्ये (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) २२०-२१५ अशी काठावरची स्थिती झाली. आणखी एक. २०२० ला ट्रम्पना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यातून मिळाली? कॅलिफोर्निया! साठ लाखांवर, टेक्ससपेक्षाही जास्त. इलेक्टोरल मत एकही नाही, तरी ते लोक गेले. मी त्यांच्या बाजूची नाही, पण त्यांना वेडे म्हणवत नाही.

हापूसप्रेमी
साठ लाख?? टेक्ससपेक्षा जास्त?? हे माहीत नव्हतं.

वैशाखवणवा
जॉर्जियाही "ठरलेलं" होतं हो. १९९२ नंतर डेमोक्रॅट जिंकला तो थेट २०२० ला, तेही ११,७७९ मतांनी. उलटंही होतं, आताच्या लाल वेस्ट व्हर्जिनियाने १९९६ ला डेमोक्रॅट क्लिंटनना मत दिलं होतं, आज सांगून खरं वाटेल का? ठरलेलं कधी विस्कटतं ते त्या वर्षी कळत नाही.

पाऊलवाट
वॉशिंग्टन राज्य, सिएटलजवळ. २०२४ च्या ऑगस्टातली कमिशनर ऑफ पब्लिक लँड्सची प्रायमरी. जंगलं आणि वणवे या खात्याकडे, धूर आम्ही दर उन्हाळ्यात खातो. जवळपास १९ लाख मतं, आणि दुसरा नंबर ४९ मतांनी ठरला (इथेही पहिले दोघेच पुढे जातात). निसटला असता तर या निळ्या राज्यात नोव्हेंबरला दोन्ही उमेदवार रिपब्लिकन!

मी त्यात सही दुरुस्तीचं काम केलं म्हणून माहीत. पोस्टाने आलेल्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर मत बाजूला ठेवतात आणि मतदाराला पत्र जातं. पत्र कोण उघडतं? मग आम्ही दारोदार. एका घरी देसी काका. नोंदीत सही मराठीत, "वि. ग." खाली रेघ आणि दोन टिंबं. पाकिटावर इंग्रजीत, मुलाने सांगितलं म्हणून. काका म्हणाले, "बँकेतही हेच झालं होतं." फॉर्म भरून घेतला, चहा घेतल्याशिवाय सोडेनात. तर सर्वांनी, विशेषतः आईबाबा नागरिक झाले असतील त्यांनी, सही तपासा.

मोरपंखी
दोन टिंबं! आमच्या सासऱ्यांचीही अश्शीच. आज फोन करते.

सोनचाफा२
बेळगावचे श्री ठाणेदार यांचं कुणीच लिहिलं नाही? डेट्रॉइटची सीट, नोव्हेंबर नावापुरता. २०२२ च्या प्रायमरीत तीस टक्क्यांहून कमी मतांत पुढे गेले, कारण उमेदवारांची जत्रा होती. मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला तो ऑगस्टात गेला.

उंटावरचा_शहाणा
बरं. मतपत्रिका शोधतो, रद्दीत गेली नसेल तर. पण नाव नोंदवलं की ज्युरी ड्युटी मागे लागते त्याचं काय? खरं कारण ते आहे.

दुपारची_झोप
हाहा, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही बोलावतात हो. सुटका नाही.

गवती_चहा
मला तीनदा पत्र आलं, नवऱ्याला एकदाही नाही. त्याला जायची केवढी हौस! जाताना डबा आणि स्वेटर न्या, कोर्टात एसी फार असतो.

कोरडा_विनोद
आणि चार्जर. सिक्युरिटीत विणायच्या सुया चालत नाहीत, आमच्या सौंच्या काढून घेतल्या.

केळफूल
@कोरडा_विनोद क्रोशाची सुई चालते का? मला २२ तारखेचं पत्र आलंय.