मदत हवी आहे : एचिंगमध्ये रेघा खोल जात नाहीत आणि कोरी जागा मात्र खड्ड्यांनी भरते

बोथट_सुई

नमस्कार मंडळी. चित्रं बरीच वर्षं काढतेय, पण एचिंगला (धातूच्या प्लेटवर रेघा अॅसिडने कोरून त्यावरून छापणं) हात घालून जेमतेम आठ महिने झालेत. ही माझी पाचवी प्लेट, आणि पहिली अशी की जिच्यासाठी मनापासून वाईट वाटतंय.

प्लेट तांब्याची, २० बाय २५ सेंमी. चित्र अगदी साधं आहे. वर आडवी दोरी, तिच्यावर वाळत घातलेला एकच पांढरा शर्ट, बाकी काही नाही. शर्ट म्हणजे कोरा कागदच राहायला हवा, फक्त घड्यांपाशी बारीक हॅचिंग, म्हणजे जवळजवळच्या समांतर रेघा. हार्ड ग्राउंडची (अॅसिड अडवणाऱ्या मेणट थराची) गोळी गरम प्लेटवर फिरवून रोलरने पसरवली, गार होऊ दिली आणि दोन संध्याकाळी बसून सुईने तो थर खरवडत चित्र काढलं. मग ट्रेमध्ये तांबं खाणारं फेरिक क्लोराईड, प्लेट चित्राची बाजू वर करून. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर रेघा नखाला लागतही नव्हत्या. अर्ध्या तासाने पाहिलं, तेच. वैतागून ठेवून दिली. एकूण २ तास १० मिनिटं.

प्रूफ (चाचणीची छापील प्रत) काढला तर दोरी तुटक आली, हॅचिंग राखाडी आणि मरगळलेलं. आणि शर्टावर काळे ठिपके. मोजले, ४४ आहेत. मोठ्या ठिपक्यांची कड काळी आणि मधोमध पांढरं, जणू शर्टाला कसर लागलीय.

आठ जणांनी आपापसांत प्रिंटांची अदलाबदल करायचं ठरवलंय, त्यामुळे आठ एकसारख्या प्रती हव्यात. हाताशी तीन आठवडे आहेत. प्लेट वाचेल का? आणि मुळात अॅसिडने काम करायचं तिथे केलं नाही आणि नको तिथे केलं, हे कसं काय?

काजळी

ठिपक्यांना फाऊल बाइट म्हणतात, म्हणजे द्रावणाने नको तिथे धातू खाणं. प्लेटवर तेलकटपणा राहिला असणार. ग्राउंड लावण्याआधी खडूची भुकटी आणि अमोनियाने घासली होतीत का? नळाखाली धरल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन मागे सरकलं तर प्लेट अजून तेलकट आहे असं समजा.

बोथट_सुई

घासली होती हो, दोनदा. पाणी छान पसरत होतं. म्हणून तर डोकं चालेनासं झालंय.

जुना_प्रेसवाला

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. ते ४४ ठिपके सगळ्या प्लेटभर आहेत की एकाच भागात? आणि दोरी काढताना उजव्या हाताचा तळवा कुठे टेकला होता?

बोथट_सुई

आता भिंग घेऊन बसले. प्लेटवर जवळजवळ सगळे शर्टाच्या उजव्या अर्ध्या भागात आहेत. एका ठिकाणी तर ठिपके कमानीत लागलेत, ओळीने, जशा बोटाच्या ठशातल्या रेषा असतात. आणि हो, दोरी वर असल्यामुळे हात शर्टावरच टेकत होता. दोन संध्याकाळी. अरे देवा.

जुना_प्रेसवाला

सापडलं मग. तुमचं दुखणं दोन नाही, एकच आहे. सविस्तर लिहितो.

फेरिक आणि नायट्रिक अॅसिड यांच्या वागण्यात फरक आहे. नायट्रिकमध्ये रेघेवर बुडबुडे येतात, ते पिसाने हलवायचे असतात, आणि काम चालू आहे हे डोळ्यांना दिसतं. फेरिकमध्ये बुडबुडे नसतात. तांबं विरघळताना जो गाळ तयार होतो तो प्लेट उताणी असली तर रेघेतच बसतो. रेघ जितकी बारीक तितकी ती लवकर बुजते. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत तुमचं हॅचिंग खाल्लं गेलं आणि मग गाळाने दार लावून घेतलं. तुम्ही वेळ वाढवत गेलात, पण रेघांना त्याचा फायदा मिळेना.

तिकडे शर्टावर तळव्याच्या घामाने आणि घासण्याने ग्राउंड विरळ झालेलं. अर्ध्या-पाऊण तासाचा बाइट असता तर ते टिकलंही असतं, कोणाला पत्ता लागला नसता. दोन तासांत ते जागोजागी सुटलं. ठिपका पसरट असल्यामुळे त्यात गाळ अडकून राहत नाही, म्हणून तो मजेत खात बसला. मोठ्या ठिपक्याचा मध्य पांढरा दिसतो त्याचं कारणही हेच. रुंद, उथळ खड्ड्यात शाई धरून ठेवायला काही नसतं, पुसताना मधली निघून जाते आणि फक्त कडेला उरते.

पुढच्या वेळी प्लेट पालथी घाला. मागच्या बाजूला चिकटपट्टीचं हँडल करा, चारी कोपऱ्यांखाली छोटे प्लास्टिकचे ठोकळे ठेवा, आणि द्रावणात सोडताना तिरकी सोडा, नाहीतर खाली हवा अडकते आणि तेवढी जागा कोरी राहते. उभी टाकी असेल तर उत्तमच. दुसरा मार्ग सायट्रिक अॅसिडचा. तीन भाग पाण्यात एक भाग पूड विरघळवायची, आणि त्या द्रावणाचा एक भाग फेरिकच्या चार भागांत घालायचा. याला एडिनबरा एच म्हणतात. गाळ विरघळत राहतो, बाइट लवकर होतो आणि रेघेची कड स्वच्छ येते. मी गेली कित्येक वर्षं तांब्यावर दुसरं काही वापरलेलं नाही.

हातासाठी फळी करा. दोन बाजूंना दोन ठोकळे, त्यांवर लाकडी पट्टी, तिच्यावर मनगट. प्लेटला स्पर्शच नको. चित्रकार ल्युशियन फ्रॉइड तर प्लेट ईझलवर उभी करून कॅनव्हाससारखी रेखाटायचा. ते सगळ्यांना झेपेल असं नाही, मला तर नाहीच झेपलं, पण हात न टेकण्याची सवय लागते खरी.

पाटा_वरवंटा

प्रेसवाले काकांच्या उत्तराला जोड देतो. जास्त वेळ बाइट करताना ग्राउंडने दगा देणं ही या कलेची जन्मापासूनची डोकेदुखी. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ ते १५१८ दरम्यान लोखंडी प्लेटवर सहा एचिंग केली आणि सोडून दिलं. त्यांतल्या रेघा बऱ्याचशा एकाच जाडीच्या आहेत. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच एचर जाक कॅलोने मेणाच्या मऊ ग्राउंडऐवजी ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरायचे ते कडक वार्निश घेतलं. ते सुटत नसे, त्यामुळे तो काही रेघा झाकून प्लेट पुन्हा पुन्हा अॅसिडात घालू शकला. जवळच्या माणसाची रेघ जाड, लांबच्या टेकडीची केसासारखी, हे त्यातून जमलं. फ्रेंच एचर अब्राहम बॉसने १६४५ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत नीट लिहून ठेवली.

तुमच्या चित्रातही दोरी जाड आणि घड्यांचं हॅचिंग बारीक हवं ना? मग दोन्हींना एकच वेळ देऊच नका. हॅचिंग झालं की प्लेट धुवून वाळवा, तेवढ्या भागावर स्टॉप-आउट वार्निश (अॅसिड अडवणारं) लावा आणि दोरीला पुन्हा आत घाला.

बाय द वे, शर्टाची बटणं उलट बाजूला आलीत. प्रिंट आरशासारखी उलटी येते.

बोथट_सुई

बटणांचं कोणाला सांगू नका प्लीज. पुरुषाचा शर्ट होता, आता बाईचा झाला. राहू दे तसाच.

खड्ड्यांचं काय करू? पूर्ण नवी प्लेट करायची ताकद नाहीये.

काजळी

मी जरा वेगळं बोलतो, रागवू नका. प्रूफचा फोटो मी तीनदा उघडून पाहिला. ते ठिपके मला आवडले. कोरा पांढरा शर्ट म्हणजे दुकानातला शर्ट. हा अंगात घातलेला, झिजलेला वाटतोय. शिवाय ते ठिपके तुमच्याच हाताचे आहेत. पॅरिसच्या अॅटेलिए १७ या छापचित्रांच्या कार्यशाळेत हेटर आणि कृष्णा रेड्डी यांनी प्लेटची खोली हाच रंगाचा मार्ग केला. खोल, उथळ, सपाट असे थर, कडक आणि मऊ रोलर, कमी-जास्त पातळ शाया, आणि एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग. तिथे खड्डा म्हणजे चूक नव्हती. आजही कितीतरी जण मुद्दाम ओपन बाइट (मोठी उघडी जागा द्रावणाला खाऊ देणं) करतात.

जुना_प्रेसवाला

काजळीराव, रेड्डींनी खड्डे ठरवून, हत्यारं हातात घेऊन केले होते. इथे घामाने केलेत. ताईंना नको असतील तर नकोत. तुमचं चित्र असतं तर ठेवा म्हणालो असतो.

बोथट_सुई

खरं सांगू? काजळी म्हणतात ते वाचून मी दोन दिवस प्रूफ भिंतीला लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी नक्की कळलं की मला नकोत. तो शर्ट नुकताच धुतलेला आहे. चित्रात सांगण्यासारखं तेवढंच आहे.

जुना_प्रेसवाला

मग बाह्या सरसावा. प्लेट टर्पेंटाइनने साफ करून कोरडी करा. बारीक ठिपके आधी स्क्रेपरने, पातं जवळजवळ आडवं धरून, एका जागी न रेटता आजूबाजूला उतार देत. मग तेलाचा थेंब टाकून बर्निशर, म्हणजे घासून गुळगुळीत करायचं हत्यार. लहान गोल गोल फिरवा. वरचं धातू दाबलं जाऊन चकाकी येईल. शेवटी धातूची पॉलिश. ती नीट नाही झाली तर शर्टावर राखाडी सावली छापली जाते.

मोठे खड्डे खरवडले की तिथे खोलगट बशी तयार होते आणि तिच्यात शाई राहते. त्यासाठी कॅलिपरने खड्ड्याची जागा प्लेटच्या पाठीवर खूण करून घ्या, प्लेट सपाट लोखंडावर पालथी ठेवा आणि खुणेवर हलक्या हातोडीने ठोका. समोरचा भाग वर येतो, मग पुन्हा बर्निशर. घाई केलीत तर पुढून उंचवटा येईल आणि तो निस्तरायला आणखी एक संध्याकाळ जाईल.

रेघा वाढवण्यासाठी जुन्या रेघा उघड्या ठेवून वरून रोलरने ग्राउंड फिरवायची पद्धत आहे, पण नवख्याने करू नये. ग्राउंड जरा जास्त पडलं की रेघा बुजतात, कमी पडलं की पुन्हा फाऊल बाइट. त्यापेक्षा सगळीकडे नवं पातळ ग्राउंड लावा. जुन्या रेघा खालून दिसतात, त्यांवरूनच सुई फिरवा. रेघेच्या तळाशी तांबं चमकलं पाहिजे. ड्रायपॉइंटने (अॅसिडशिवाय थेट सुईने ओरखडून) दोरी गडद करायचा मोह होईल. आठ प्रतींना चालेलही, पण त्या रेघेची मखमली कड दर दाबाला बसत जाते, पहिली आणि आठवी प्रत एकसारखी येणार नाही.

आणि वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं. धुण्याच्या सोड्याने उदासीन करा, गाळ बसू द्या, आणि तो रासायनिक कचरा घेतात तिथे द्या.

बोथट_सुई *(अठरा दिवसांनी)*

कळवायचं राहून गेलं होतं. आधी प्लेटच्या तुकड्यावर चाचणी केली. पालथी, सायट्रिक घातलेल्या द्रावणात, १०, २०, ३० आणि ४५ मिनिटं. २० मिनिटांची रेघ माझ्या जुन्या २ तास १० मिनिटांच्या रेघेपेक्षा काळी छापली गेली. तो तुकडा आता टेबलासमोर टांगलाय.

४४ पैकी ३९ खड्डे गेले. हातोडी पाच ठिकाणी लागली, त्यात एकदा चुकलेच, उंचवटा आला, काकांनी सांगितलं होतं तसाच. हॅचिंग २० मिनिटं, दोरी ५० मिनिटं. हाताखाली फळी म्हणजे एक जुनी पट्टी आणि दोन पाटीपुसणी. उरलेले पाच ठिपके खालच्या कडेला, शिवणीजवळ आहेत. ते राहू दिले. काजळी, त्याचं श्रेय घेऊ नका, माझं मनगट दुखत होतं.

आठ प्रती झाल्या. सातवीच्या कोपऱ्यात टारलाटनचा (शाई पुसायच्या जाळीदार कापडाचा) धागा छापला गेलाय. ती मी माझ्याकडे ठेवणार होते, पण मग नववी काढावी लागेल आणि कागद भिजवलेला संपलाय. उद्या सकाळी पुन्हा भिजवते.