'चंदी चंदावर' म्हणजे नक्की कुठं?

बखरी वाचताना 'चंदी' आणि 'चंदावर' असे दोन शब्द जोडीनंच येतात. चंदी म्हटलं की मला घोड्याची चंदीच आठवते, तर आधी वाटलं घोड्यांच्या दाणागोट्याचं काहीतरी असेल :) मग चंदावर सर्च केलं तर यूपीतलं चंदावर आलं, ते जयचंद आणि घोरीच्या ११९४च्या लढाईवालं. शिवाजी महाराजांचा तिकडे काय संबंध? कोणी सांगेल का.

प्रतिसाद १
अहो यूपी सोडा, दक्षिणेत या. चंदी म्हणजे जिंजीचा किल्ला, आणि चंदावर म्हणजे आपलं तंजावर. काही कागदांत चंजावर, चंजाउर असंही सापडतं. महाराज १६७७ साली दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, तेव्हा सावत्र भाऊ व्यंकोजीराजे (एकोजी) तंजावरला राज्य करत होते, म्हणून दोन्ही नावं एकत्र येतात. आणि गंमत म्हणजे या मोहिमेच्या मागे जे रघुनाथपंत हणमंते होते ते आधी व्यंकोजींचेच कारभारी, आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्यांच्याच नावाशी जोडला जातो, म्हणजे शब्दचर्चेच्या धाग्यावर पंतांचा हक्कच आहे.

धागाकर्ता
ओह! पण त चा च कसा झाला राव? लिहिणाऱ्याची चूक?

प्रतिसाद २
चूक नाही म्हणता येणार. जिंजीला तमिळमध्ये सेंजी म्हणतात, आणि तो सुरुवातीचा स 'च'च्या अक्षरानंच लिहितात, त्यामुळे चंजी आणि मग चंदी सरळ लागतं. तंजावरचं मात्र तमिळमध्ये तंजावूर, लाडानं तंजै, तिथं च कुठंच नाही. माझा अंदाज असा की पुढच्या ञ्ज मुळे त सरकून चंजावर झालं असेल आणि चंदीच्या जोडीनं बोलता बोलता त्याचंही चंदावर झालं. शेवटचा -ऊर म्हणजे गाव, आपण त्याचा -वर केला. इंग्रजांनी तर टॅंजोर करून टाकलं, त्यापेक्षा आपलं बरंय.

प्रतिसाद १
त्या गावाला राज्यकर्ते तरी किती झाले. चोळ, मग नायक, मग १६७५च्या आसपास भोसले ते थेट १८५५ पर्यंत. राजराज चोळानं बांधलेल्या बृहदीश्वराला तिथले लोक नुसतं 'पेरिय कोविल' म्हणतात, मोठं देऊळ, बस. १०१० सालचं आहे. आणि त्याच देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. मी तिथं उभा राहून दोन-चार ओळी लावत होतो, शेजारची एक तमिळ फॅमिली मला विचारते की ही कुठली भाषा, आणि मला सांगताना उगाचच भरून आलं.

प्रतिसाद ३
आमच्याकडे चेन्नईत शेजारी तंजावरी मराठी आजी होत्या, घरात मराठी बोलायच्या पण निम्मं मला कळायचं नाही. एकदा म्हणाल्या डांगर पच्चडी केलीय, ये. मी विदर्भातली, मला डांगर म्हणजे लाल भोपळा. वाटीत बघते तर दह्यात कालवलेलं भाजक्या उडदाचं पीठ आणि वर फोडणी! भोपळा कुठाय असं विचारलं तर आजी हसून हसून बेजार.

धागाकर्ता
पुण्याकडे डांगर म्हणजे उडदाचंच पीठ हो, आमच्याकडे ते पाण्यात किंवा ताकात कालवतात. म्हणजे आजींचंच बरोबर :) बरं ते सांबार संभाजीराजांवरून आलं म्हणतात, ते खरंय का?

प्रतिसाद २
कथा छान आहे, पुरावा काही हाती लागत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं घेतलं तर चंदावर राहील बाजूला.