मदत हवी आहे : दरडीमुळे गाडी वळवली तर चिपळूणवाल्यांनी काय करायचं?

आई-बाबा जुलैअखेर ठाण्याहून चिपळूणला निघतायत. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटी-विन्हेरेदरम्यान कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आली, तेव्हा बऱ्याच गाड्या पुणे-मिरज-लोंडामार्गे मडगावला वळवल्या होत्या. मडगावला जाणारा उशिरा का होईना पोचतो, पण चिपळूणवाल्याचं काय? गाडी रोह्याच्या पुढे अडकली तर रेल्वे एसटीची सोय करते, की ज्याचं त्यानं बघायचं? तिकीट खिडकीवरचं आहे, त्यामुळे अर्ध्यात उतरल्यास टीडीआर (परताव्यासाठी तिकीट जमा केल्याची पावती) तिथल्या स्टेशनमास्तरकडेच घ्यायचा ना? बाबांचे गुडघे दुखतात, सामान घेऊन दादरा चढणं जमणार नाही. (मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडीच्या बोगद्यातून एसटीनं जा म्हटलं, तर ऐकतच नाहीत!) त्या वेळी गाडीत अडकलेलं कोणी आहे का इथे? खेड-चिपळूणकडच्यांनी जरूर सांगा.