कांद्यातून डीएनए काढताना धागे का दिसत नाहीत?

प्रश्न: नववीच्या मुलांसाठी प्रयोग आहे. ५० ग्रॅम कांदा, मीठ, भांड्यांचा लिक्विड साबण आणि ७० टक्क्यांचं सॅनिटायझर वापरलं. पाणी गढूळ झालं, पण धागे आलेच नाहीत. चूक कुठे?

प्रतिसाद १: सॅनिटायझर. ७० टक्के अल्कोहोल समान पाण्यात मिसळलं की ३५ टक्केच उरतं आणि तेवढ्यात डीएनए विरघळलेलाच राहतो. ९५ टक्के इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल घ्या, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. १० मिली गाळलेल्या द्रवाला २० मिली, परीक्षानळी तिरकी धरून कडेने सावकाश सोडा. ढवळायचं नाही! पाच मिनिटं थांबा, धागे दोन थरांच्या सीमेवर येतात.

प्रतिसाद २: आधीच्या पायऱ्याही तपासा. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम मीठ आणि १० मिली साबण अलगद मिसळा, फेस नको. साबण पेशीपटल फोडतो. मिठातला सोडियम डीएनएचा ऋण प्रभार झाकतो, म्हणून धागे एकत्र येतात. चिरलेला कांदा त्यात घालून ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं, मग लगेच बर्फात. या उष्णतेने डीएनए तोडणारी विकरं मंदावतात, पण फार तापवलं तर डीएनएचेच पदर सुटतात. मिक्सर फक्त ५ सेकंद. जास्त फिरवलं की लांब रेणू तुटतात आणि काडीवर गुंडाळता येत नाहीत.

प्रतिसाद ३: मुलांना हेही सांगा, की तो पांढरा गुंता निव्वळ डीएनए नसतो. त्यात आरएनए, प्रथिनं असतात. केळं घेतलं तर पेक्टिनही.