टाकीच्या तळाला मोझॅकचा मोर: जाळीवरचा घ्यावा की कागदावरचा?

हुरडा_प्रेमी: जुळे सोलापुरात घरची पोहण्याची टाकी आहे, २० बाय १० फूट, खोली ४ फूट. तळाला चादरीवरचा मोर काचेच्या मोझॅकमध्ये हवाय, छापील टाइल नको. ठेकेदार जाळीवर चिकटवलेली शीट घ्या म्हणतोय. ऐकावं का? आणि नकाशा कोणाकडून काढून घ्यावा?

थापी_ओळंबा: ऐकू नका. जाळी टाइलच्या पाठीला डिंकाने लावलेली असते. साधा पांढरा डिंक कायम पाण्यात राहिला की पुन्हा मऊ पडतो, शिवाय अडेझिव्हला (टाइल बसवायच्या मसाल्याला) टाइलची पाठ मिळते ती फक्त जाळीच्या भोकांपुरती. मग टाइल सुटतात.

कागदावरचाच करून घ्या. इटलीतल्या कारागिरांची ही जुनी उलटी पद्धत, स्पिलिंबेर्गोच्या मोझॅक शाळेत १९२२ पासून शिकवतात. टाइलचं तोंड कागदाला, मध्ये मैद्याची खळ. चित्र कागदावर उलटं काढायचं, नाहीतर मोराची चोच भलतीकडे. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि बाण हवाच.

हातमाग_७: नकाशासाठी चादरीचे जेकार्ड ग्राफ, म्हणजे मागावर नक्षी विणायचे चौकोनी आराखडे, काढणारा डिझायनर गाठा. एक चौकोन म्हणजे एक टाइल. २० मिमीची टाइल सांध्यासकट २१.८ मिमी, ३२७ मिमीच्या शीटमध्ये १५ गुणिले १५, म्हणजे २२५. चार बाय चार शीट घेतल्या तर ३६०० टाइल, मोर सव्वाचार फुटांचा.

फक्त चादरीचा तयार ग्राफ जसाच्या तसा उचलू नका. त्यात ताण्या-बाण्याचं प्रमाण वेगळं धरलेलं असतं, चौकोनी टाइलवर मोर लांबट नाहीतर बुटका होतो. चौरस ग्राफवर नव्याने काढायला सांगा. बाहेरची रेघ दोन टाइल जाड ठेवा. पाणी हललं की एका टाइलची रेघ तुटक दिसते.

थापी_ओळंबा: +१, हे बहुतेक जण विसरतात.

बसवताना प्लास्टरला २८ दिवस, वॉटरप्रूफिंगनंतर टाकी ७ दिवस भरून गळती बघा. अडेझिव्ह पांढरंच, करडं काचेतून डोकावतं. दातेरी पट्टीने ओढलं की सपाट बाजूने रेघा मोडा. शीट कागद वर ठेवून लावा, लाकडी थापीने ठोका. अर्ध्या-पाऊण तासाने स्पंजने कागद भिजवा आणि तळाला समांतर ओढा. वर उचललात तर टाइल हातात. वाकडी टाइल तेव्हाच सरळ करा, खळ धुऊन काढा, राहिली तर ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) धरत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात अडेझिव्हवर बघता बघता साय धरते. बोट लावा, बोटाला लागलं नाही तर खरवडून फेका, पाणी शिंपडून परत कालवू नका. वर शेडनेट बांधा, काम सकाळी १० च्या आत.

हुरडा_प्रेमी: ग्राउट सिमेंटचं चालेल? पाणी बोअरचं आहे.

थापी_ओळंबा: इपॉक्सी (रेझिनचं ग्राउट) घ्या, महाग पडलं तरी. बोअरच्या जड पाण्याने पाणरेषेवर पांढरा थर बसणार, तो काढायला कोणीतरी ॲसिड ओतणार आणि सिमेंटचे सांधे खाल्ले जाणार. पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. इपॉक्सीनंतर किमान ७ दिवस थांबा, मग दिवसाला दोन फुटांपेक्षा जास्त भरू नका.