रोजची गर्भनिरोधक गोळी बंद झाली; आता कोणता उपाय निवडावा?

ओसरी:
माझे वय ३३ असून मला ६ वर्षांची मुलगी आहे. गेली ४ वर्षे मी रोजची गर्भनिरोधक गोळी घेत होते. अर्धशिशीचे डोके दुखू लागण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी, चकाकत्या रेषा दिसतात, असे मी गेल्या महिन्यात डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती गोळी त्याच दिवशी बंद करायला लावली. कारण अशा अर्धशिशीत गोळीतील इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. सध्या निरोधवर भिस्त आहे. मात्र गोळीमुळे आटोक्यात असलेला रक्तस्राव पुन्हा वाढला असून हिमोग्लोबिन ९.४ आले आहे. सासूबाई तांबी बसवून घे म्हणतात. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या मुलाचा विचार आहे. काय करावे?

शेवंती:
तांबीत कोणतेही संप्रेरक नसते, त्यामुळे तुमच्या अर्धशिशीला तिची अडचण नाही. ३८०-ए ही तांबी १० वर्षे चालते, सरकारी रुग्णालयात मोफत बसवतात, आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. पण पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जाते व पोटातही दुखते. मला स्वतःला पहिल्या चार पाळ्या फार जड गेल्या, आणि माझे हिमोग्लोबिन तेव्हा चांगले होते. ९.४ असताना मी तरी आधी रक्त वाढवले असते.

परिचारिका_सांगली:
स्त्रीरोग विभागात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तुम्हाला वर्ज्य आहे ते इस्ट्रोजेन. सगळी संप्रेरके नव्हेत. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे दुसरे संप्रेरक सोडणारी, तांबे नसलेली ‘तांबी’ही मिळते. ती गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे काही महिन्यांत रक्तस्राव उलट कमी होतो, कित्येकींची पाळी जवळजवळ थांबते. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईसाठी माझ्या मते हीच पहिली निवड. फक्त ती साध्या तांबीपेक्षा बरीच महाग पडते.

दर तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत मिळते, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. दुसरे मूल हवे असेल तर हा हिशेब आधीच मांडावा लागेल.

राहिली ‘छाया’. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या सेंटक्रोमॅन या औषधाची ही गोळी आहे आणि तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. हेच औषध जास्त रक्तस्रावावरही देतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र पाळी लांबते, आणि दर वेळी ‘राहिले की काय’ अशी धास्ती वाटते. बीजकोशात गाठी असल्यास किंवा नुकतीच कावीळ झाली असल्यास ती देत नाहीत.

तिसरा_माळा:
पुरुष नसबंदीचे नाव कोणीच घेतलेले दिसत नाही. टाक्याविना होणारी, काही मिनिटांची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतरही तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि वीर्यतपासणी करून खात्री करावी लागते.

ओसरी:
तिसरा माळा, सूचना योग्य आहे, पण दुसरे मूल ठरलेले नसताना कायमचा उपाय आम्हाला नको. त्यानंतर मात्र हा विषय घरात मीच काढणार आहे, कारण ४ वर्षे रोज गोळी मीच लक्षात ठेवली. परिचारिकाताई, आठवड्याच्या गोळीचा दिवस चुकला तर?

परिचारिका_सांगली:
आठवताच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून अधिक उशीर झाला असेल, तर पुन्हा आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात करावी लागते. पण आधी सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयात गाठ असल्यामुळे जास्त जात असेल, तर निवड बदलू शकते.

ओसरी:
गुरुवारची वेळ घेतली आहे. लोहाच्या गोळ्या आजपासून सुरू केल्या.