बायकांची के-वन 5000 म्हणजे 'मागे लपणं'? काहीही हां!

मासोळी_मुळशी:
काल एका ग्रुपवर वाचलं, बायकांची के-वन 5000 मीटर, म्हणजे एकटीने वल्हवायच्या कयाकची लांब शर्यत, वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून काढूनच टाका म्हणे, "वीस मिनिटं एकमेकींच्या मागे लपायचं आणि शेवटी पळायचं, ही कसली रेस". तिथे बोलले तर 'ताई शांत व्हा', म्हणून इथे. अरे, वॉश (पुढच्या होडीची लाट) घेणं म्हणजे मागे लपणं नाही! पुढचीच्या बाजूला, तिच्या कमरेपाशी आपल्या कयाकचं टोक ठेवून तिच्या लाटेवर बसायचं असतं, हातभर इकडेतिकडे झालं की लाट सुटली. आणि बसायचं कशात, तर 12 किलोच्या, नुसतं श्वास चुकला तरी कलंडणाऱ्या होडीत. वळणावर बघा कधीतरी, बॉयाच्या (पाण्यातल्या तरंगत्या खुणेच्या) आतल्या बाजूला चौघी एकदम घुसतात, पॅडलवर पॅडल आपटतं, पायाने रडर (सुकाणू) पूर्ण दाबून होडी कलती करायची, बाहेर फेकली गेलीस की पुढे एकटीने ओढ.

स्टॉपवॉच:
वर्णन झकास. पण 500ला लेन असतात, दुसऱ्याच्या लाटेचा फायदा घेतला तर बाद. तीच गोष्ट 5000ला हुशारी कशी काय? न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने टोकियो, पॅरिस दोन्ही ऑलिंपिकला के-वन 500 मारली, कुणाच्या आडोशाने नाही. दम कुणात किती ते तिथे कळतं.

बुडापेस्टहून:
दम नाही म्हणून 5000ला येतात असं वाटत असेल तर डोरा बोडोनी बघा. 5000ची जगज्जेती, आणि टोकियोत हंगेरीच्या के-फोर (चौघींची होडी) 500च्या गोल्डमध्ये पण तीच. ब्रिटनच्या लानी बेल्चरने 2015ला मिलानमध्ये 5000 जिंकली, पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकला. इथे डॅन्यूबवर सकाळी शाळकरी मुली सुद्धा वॉशवर बसायची प्रॅक्टिस करताना दिसतात, ते काय लपाछपी शिकतात का?

सायकलवेडा_कोथरूड:
स्टॉपवॉच बरोबर बोलतायत. आमच्या ग्रुपमध्ये एक महाशय होते, महाबळेश्वर राईडला वाईपर्यंत माझ्या चाकाला चिकटून, वारा सगळा माझ्या अंगावर, एकदाही पुढे आले नाहीत, आणि पसरणीच्या घाटात मला मागे टाकून वर जाऊन सेल्फी! वर ग्रुपवर 'आज पाय छान चालले'. पाय कुणाचे चालले रे बाबा?

डोंगरकडा:
किस्सा ओळखीचा वाटतोय. वाईच्या अलीकडे मी दोनदा पुढे आलो होतो, तूच 'स्लो स्लो' ओरडत होतास. पंक्चर कुणी काढून दिलं तेही लिही की.

सायकलवेडा_कोथरूड:
पंक्चर काढलंस, ट्यूब माझी होती. आणि दोनदा म्हणजे किती, दोन-दोन मिनिटं?

मासोळी_मुळशी:
तुमचं घाटातलं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या ना प्लीज. पण बघा, याने स्वतःच सांगितलं, पुढे राहणाऱ्याला अक्कल नव्हती. 5000ला असा कुणी चिकटला की पुढची मुद्दाम स्पीड पाडते, आडवी जाते, 'आता तू ओढ, पुढे हो' म्हणते. तेवढंच बघायचं असतं त्यात!

डोंगरकडा:
ताई 🙏

सायकलवेडा_कोथरूड:
अक्कल काढायची गरज नव्हती. अडीच तास वाऱ्यात मी एकटा होतो, तुम्ही नव्हता.

जुना_नावाडी:
पोरांनो, इतिहास पण बघा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची 10,000 मीटर होती, 1936 ते 1956. स्वीडनच्या फ्रेडरिक्सनने दोनदा जिंकली. बायकांना 1948ला घेतलं ते 500 मीटरवर, आणि पॅरिस 2024ला सिंगल कयाकमध्ये पुरुष 1000, बायका 500च. लांबचं अंतर ऑलिंपिकात त्यांना कधी दिलंच नाही. वर्ल्ड चॅम्पियनशिपला 5000 आहे, तीही काढा म्हणणाऱ्याला विचारा की पुरुषांची पण 5000 आहे तिथे, पोर्तुगालचा पिमेंटा जिंकला, तो कुठे लपला होता? त्याची काढा असं कुणी म्हणत नाही.

स्टॉपवॉच:
काका, पुरुषांची पण काढा, माझी हरकत नाही, मला दोन्ही बोअर होतात. पण 500-1000चा मुद्दा मान्य, म्हणजे मानावाच लागतोय. बायकांची ऑलिंपिकला 1000 करा, पहिली सही माझी. 5000ला टायमिंगच्या नावाने बोंब असते, कुणी ओढायलाच तयार नसतं, त्याला रेस म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बुडापेस्टहून:
म्हणजे नाव रेस, पण टायमिंग चांगलं आलं तरच. मग मॅरेथॉन कयाकिंग बघूच नका, तिथे होडी खांद्यावर टाकून पळतात सुद्धा. झटका यायचा तुम्हाला.

स्टॉपवॉच:
पळतात?? बंद करा रे हे.

डोंगरकडा:
आणि त्या दिवशी वाईला चहाचे पैसे पण मीच दिले होते.